लॅपटॉप घेताय? आधी बिजागरी पाहा

आंबिवली, प्रतिनिधी : कल्याण सोडले की कसाऱ्याच्या दिशेने पहिले स्थानक शहाड आणि दुसरे आंबिवली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. एकेकाळी या परिसरातील असंख्य घरांची चूल मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, अर्थात ‘एनआरसी’ कारखान्याच्या पगारावर पेटत असे. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला. आज आंबिवली, अटाळी, वडवली, मोहने या पट्ट्यातील नोकरदाराला कामासाठी लोकल गाठावी लागते. कोणी ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडतो, कोणी थेट मुंबई गाठतो. सकाळच्या गाडीत चढणाऱ्या या चाकरमान्याच्या हातातील डब्याची पिशवी आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी पाठीवरची, आणि डब्यात शिरताच पोटावर येणारी, काळी सॅक आली आहे. जेवणाचा डबा या सॅकमध्येच असतो आणि त्याला चिकटून लॅपटॉप असतो.

आमटीचा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि चार्जर यांच्या सहवासात, चहूबाजूंनी दाबले जात, दिवसाकाठी अडीच-तीन तास प्रवास करणाऱ्या यंत्राची निवड कशी करावी, हा प्रश्न दुकानातील तपशीलपत्रक वाचून सुटत नाही. त्या पत्रकात प्रोसेसर, मेमरी आणि साठवणक्षमता यांचे आकडे ठळक असतात. दुरुस्तीच्या दुकानात डोकावले तर मात्र वेगळेच दृश्य दिसते. तेथे प्रोसेसर बिघडला म्हणून आलेले यंत्र क्वचितच आढळते. बिजागरी उखडलेली, पडदा तडकलेला, चार्जिंगचे भोक सैल झालेले, कळफलकात चहा गेलेला, बॅटरी फुगून तळ उचललेला, अशी यंत्रे रांगेत पडलेली असतात. प्रवासी माणसाने खरेदीचा क्रम म्हणूनच उलटा करावा. आधी सांगाडा, मग बॅटरी, मग दुरुस्तीची सोय आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर.

खैराटच्या शाळेतील लॅपटॉप

टिकाऊ लॅपटॉप कसा असतो, याचे एक बोलके उदाहरण आपल्याच परिसरात घडून गेले आहे. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक आंबिवलीवरून कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. या दुसऱ्या फाट्याच्या टोकाला, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट हे छोटे गाव आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये येथील एकशिक्षकी मराठी शाळेत सुरू झाला. त्याआधी, २००६ मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या प्रकल्पात सहभागी होण्यास नकार दिला होता. शाळेत शिक्षकांची गरज लॅपटॉपपेक्षा मोठी आहे, अशी त्या वेळची सरकारी भूमिका होती. शिक्षणाच्या दृष्टीने प्रयोगाचे फलित काय, हा वादाचा विषय आहे. येथे आपल्याला रस आहे तो त्या यंत्राच्या बांधणीत.

‘एक्सओ’ नावाचा तो हिरवा-पांढरा लॅपटॉप शंभर डॉलरमध्ये देण्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीच्या जवळ गेली. परंतु धूळ, पाऊस, ऊन आणि लहान मुले या चौघांना तोंड देण्यासाठी अभियंत्यांनी केलेला विचार आजही अभ्यासण्यासारखा आहे. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती आणि पंखाही नव्हता. हलणारे भाग जितके कमी, तितके बिघाड कमी, हे त्यामागचे सरळ गणित. कळफलक रबराच्या एकसंध आवरणाखाली बंद केलेला होता, त्यामुळे पाणी सांडले तरी आत जाण्यास वाट नव्हती. बाहेरचे प्लास्टिक दोन मिलिमीटर जाडीचे होते. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये ते याहून बरेच पातळ असते. बिनतारी जाळ्यासाठी दिलेले दोन ‘कान’ मिटले की यूएसबीची भोके झाकली जात. पडदा भर उन्हातही वाचता येई. आणि सर्वांत मजेदार गोष्ट म्हणजे हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले होते, जेणेकरून गावातल्या गावात यंत्र उघडून दुरुस्त करताना एखादा हरवला तर काम अडू नये.

आज बाजारात मिळणारे बहुतेक लॅपटॉप असे जादा स्क्रू देत नाहीत. परंतु हलणारे भाग किती, पाणी आत जाण्याची वाट कोठे, आवरण किती जाड आणि उघडून दुरुस्त करता येते का, हे चार प्रश्न आंबिवलीच्या चाकरमान्यालाही दुकानात विचारता येतील.

‘मिलिटरी ग्रेड’चा अर्थ

जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्द दिसला की ग्राहक निश्चिंत होतो. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलेले चाचणीपद्धतींचे पुस्तक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६२ मध्ये निघाली आणि ‘एच’ ही आवृत्ती २०१९ मध्ये. त्यात उष्णता, थंडी, आर्द्रता, धूळ, कंपन, आघात, कमी हवेचा दाब अशा अनेक कसोट्या दिल्या आहेत. मात्र यातील कोणत्या कसोट्या घ्यायच्या, हे निर्मात्याने ठरवायचे असते. संरक्षण खाते लॅपटॉपला उत्तीर्णतेचा दाखला देत नाही. कंपनी स्वतः किंवा तिने नेमलेली प्रयोगशाळा चाचणी घेते आणि पेटीवर शब्द छापते.

आदळण्याच्या चाचणीचेच उदाहरण घ्या. वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून, वेगवेगळ्या बाजूंवर, एकूण २६ वेळा पाडावी असे त्यात सांगितले आहे. परंतु हे २६ आघात पाच नगांत वाटून घेण्याची मुभाही त्याच पुस्तकात आहे. शिवाय चाचणीच्या वेळी यंत्र बंद होते की चालू, हा मुद्दा वेगळाच. म्हणून पेटीवरील दोन शब्दांवर न थांबता कंपनीच्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट मॉडेलसाठी कोणत्या कसोट्या घेतल्या आणि किती उंचीवरून पाडले, हे पाहावे. जी कंपनी हा तपशील देते, तिच्या दाव्याला अर्थ आहे. नुसता शिक्का मारणाऱ्या कंपनीचा दावा जाहिरात म्हणून वाचावा.

खरोखरीचे ‘रगेड’ लॅपटॉप, उदाहरणार्थ पॅनासॉनिकची टफबुक मालिका, वेगळ्या जातकुळीचे असतात. त्यांना धूळ आणि पाण्यासाठी आयपी मानांकन असते, भोकांना झाकणे असतात, वजन आणि किंमत दोन्ही भरपूर असते. खाणीत, बांधकामावर किंवा सर्वेक्षणाच्या कामात ते शोभतात. कार्यालय आणि लोकल एवढीच मजल असलेल्या माणसाने त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

दुकानात उभ्या उभ्या करावयाची परीक्षा

ऑनलाइन खरेदी करावयाची असली तरी तेच मॉडेल एकदा दुकानात जाऊन हाताळावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

प्रथम झाकण एका कोपऱ्याला धरून उघडावे. दोन्ही बाजू एकाच वेळी उचलल्या गेल्या तर सांगाडा ताठ आहे. एक कोपरा वर येतो आणि दुसरा मागे राहतो, असे झाले तर पडद्याच्या आवरणाला पीळ बसतो आहे, हे समजावे. मग बिजागरी पाहावी. स्वस्त यंत्रात बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बोंडांत आवळलेले असतात. बिजागरी कडक आणि प्लास्टिक पातळ असले की दीड-दोन वर्षांत ही बोंडे प्लास्टिकसह उखडतात आणि झाकण उघडताना कडेला फट दिसू लागते. प्रस्तुत प्रतिनिधीचा आधीचा लॅपटॉप असाच गेला. आतील सर्व भाग उत्तम चालत होते, परंतु बिजागरी बसवण्यासाठी झाकण, चौकट आणि तळ असा अर्धा सांगाडा बदलावा लागेल, असे दुरुस्ती केंद्राने सांगितले. त्यासाठी जी रक्कम सांगितली गेली, तिच्यात आणखी थोडी भर घालून दुसरे यंत्रच घेतले. बिजागरी धातूच्या चौकटीत आवळलेली आहे की प्लास्टिकमध्ये, हे बाहेरून दिसत नाही. त्या मॉडेलची सुटे करून दाखवणारी चित्रफीत इंटरनेटवर बहुधा मिळते, ती खरेदीपूर्वी अवश्य पाहावी.

यानंतर झाकणाच्या पाठीवर मधोमध तळहाताने हलका दाब द्यावा. पडद्यावर लाटा उमटल्या तर गर्दीत हा पडदा धोक्यात आहे. लोकलमधील पडदे आपटून फुटतात त्यापेक्षा दाबाने अधिक फुटतात. सॅकमध्ये लॅपटॉपला चिकटून चार्जरचा ठोकळा किंवा माऊस असतो, पुढून-मागून माणसांचा रेटा येतो आणि सगळा भार त्या एका टोकावर पडतो. कळफलकाच्या मधोमध बोट दाबून तो किती खचतो, हेही पाहावे. चार्जरची पिन लावून हलकेच हलवून पाहावी. दुकानदाराच्या कपाळावर एखादी आठी पडेल, पडू द्यावी.

आकाराविषयी एकच सांगावेसे वाटते. १५.६ इंची पडदा घरातील टेबलावर छान दिसतो, परंतु रोज लोकलने जाणाऱ्याने १४ इंचांवर थांबावे. असा लॅपटॉप साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. त्यात चार्जर, डबा, लिटरभर पाणी मिळवले की खांद्यावर चार किलो सहज होतात आणि आंबिवलीच्या पुलाचा जिना रोज चढायचा असतो.

पोटात काय आहे?

साठवणीसाठी एसएसडी असावी, हे आता वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक तीच असते. जुना लॅपटॉप घेताना मात्र हार्ड डिस्क पुढे येऊ शकते. फिरत्या तबकडीवर काही मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरावर तरंगणारे वाचक-शीर्ष आणि डब्याचा धक्का यांचे जमत नाही. असे यंत्र घेतलेच तर आधी एसएसडी बसवून घ्यावी.

अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की एसएसडी आणि मेमरी काढता येते का? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच झाळलेली असते. अशा यंत्रात आठ जीबी घेऊन ‘पुढे वाढवू’ म्हणण्याला अर्थ नाही. सुरुवातीसच सोळा जीबी घ्यावी. एसएसडी सुटी असेल तर मदरबोर्ड निकामी झाला तरी ती काढून दुसऱ्या यंत्रात लावता येते आणि काम वाचते. अॅपलच्या मॅकबुक एअरमध्ये मेमरी किंवा साठवण वाढवण्याची सोय नाही. २०२० मध्ये आलेल्या एम-१ चिपपासून त्यात पंखाही नाही, बॅटरी दीर्घकाळ टिकते आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा ताठ असतो. प्रवासासाठी हे सारे गुण मोलाचे आहेत. परंतु ते घेणाऱ्याने फायलींची दुसरी प्रत ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजे.

चार्जिंग यूएसबी-सी भोकातून होत असेल तर फार सोयीचे. घरी एक, कार्यालयात एक असा साधा चार्जर ठेवता येतो आणि सॅकमधील ठोकळा कमी होतो. युरोपीय महासंघाने नव्या लॅपटॉपसाठी यूएसबी-सी चार्जिंगची अट घालताना २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली, त्यामुळे कंपन्या सर्वत्र त्याच दिशेने वळल्या आहेत. मात्र अशी भोके दोन असावीत. एकच असेल आणि ते झिजले तर चार्जिंगच बंद, आणि ते मदरबोर्डवर झाळलेले असेल तर दुरुस्तीही नाजूक. जुन्या पद्धतीची गोल पिन असेल तर तिचे भोक वेगळ्या वायरीवर बसवलेले असणे चांगले, कारण ते स्वस्तात बदलता येते.

बॅटरीचा हिशेब

‘अठरा तास चालते’ यासारख्या दाव्यांपेक्षा बॅटरीची क्षमता वॉट-तासांत किती, हे पाहावे. हा आकडा तपशीलपत्रकात असतोच. कागदपत्रे, ई-मेल आणि ब्राउझर अशा कामात यंत्र सरासरी आठ ते दहा वॉट खात असेल तर पन्नास वॉट-तासांची बॅटरी पाच-सहा तास पुरते. पडद्याचा उजेड वाढवला किंवा दृश्य सभा सुरू झाली की हा काळ झपाट्याने घटतो.

लिथियम-आयन बॅटरी वयानुसार थकते. काहीशे वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता लक्षणीय उतरते आणि उष्णता तिची शत्रू असते. दिवसभर चार्जरला लावून ठेवणाऱ्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय वापरावी. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत ती आहे. तीन वर्षांनी मूळ बॅटरी सुटी मिळेल का, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे. बाजारातील नकली बॅटऱ्या स्वस्त असतात, पण त्या फुगण्याचा धोका मोठा. तळ किंचित उचललेला दिसला, टचपॅड वर आले किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र तत्काळ बंद करावे आणि चार्जर लावू नये.

लांबच्या प्रवासाचे काही नियम माहीत असलेले बरे. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सामान्यतः अडचण येत नाही. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणूनच मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही शंभराच्या आत ठेवलेल्या असतात. पॉवर बँक सामानात न देता हातातील बॅगेतच ठेवावी लागते. तिच्यावर २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर त्याला ३.७ व्होल्टने गुणावे. हिशेब ७४ वॉट-तासांचा होतो. लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात डब्यातील चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याचे धोरण २०२१ मध्ये अमलात आणले गेले, त्यामुळे रात्रीच्या गाडीत चार्जिंगच्या भरवशावर राहू नये. अनेक डब्यांत वीजदाब ११० व्होल्ट असतो. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तर त्याची चिंता नाही.

घरच्या विजेबाबतही एक सूचना. धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते, अशी तक्रार अनेक जण करतात. चार्जर दोन पिनांचा असला किंवा घरातील अर्थिंग नीट नसले की असे होते. तीन पिनांची वायर वापरावी आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या चाळींत हा खर्च लॅपटॉपपुरता नाही, घरच्यांच्या सुरक्षेचाही आहे.

पावसाचे चार महिने

उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याविषयी नव्याने सांगण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय येथे सर्वांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, तीही याच नदीच्या खोऱ्यात. परंतु लॅपटॉपला एवढा प्रलय लागत नाही. सॅकच्या शिवणीतून झिरपलेले पाणी किंवा सैल झाकणाची बाटली पुरेशी असते.

‘स्पिल-रेझिस्टंट’ कळफलक असलेली यंत्रे काही प्रमाणात सांडलेले पाणी आतील भागांपर्यंत पोहोचू देत नाहीत. काहींत ते खाली निघून जाण्यासाठी छिद्रेही असतात. हे संरक्षण वरून सांडलेल्या कपभर पाण्यापुरते आहे. सॅकमध्ये तळाशी साचलेल्या पाण्याला ते लागू नाही. म्हणून ज्या सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन बोटे वर लटकता शिवलेला आहे, तीच घ्यावी. असा कप्पा सॅक फलाटावर टेकवताना बसणारा धक्काही टाळतो. पाणी गेलेच तर यंत्र लगेच पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा आणि ‘चालतो का बघू’ म्हणून पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याच्या घरगुती उपायाने फारसे काही साधत नाही. पाण्यातील क्षार आत राहतात आणि गंज चढत राहतो. शक्य तितक्या लवकर उघडून स्वच्छ करून घेणे, हाच खरा उपाय.

आणखी एक शत्रू अलीकडच्या काळात निर्माण झाला आहे. झाकण मिटले की लॅपटॉप झोपला, अशी आपली समजूत असते. आजच्या बऱ्याच विंडोज यंत्रांत ही झोप अर्धवट असते. सॅकमध्ये असतानाच यंत्र जागे होऊन अद्ययावत होण्याच्या कामाला लागते, पंख्याला हवा मिळत नाही आणि ठाण्याला उतरेपर्यंत सॅक गरम लागते. निघण्यापूर्वी ‘शट डाऊन’ किंवा ‘हायबरनेट’ करावे.

कोणती मालिका?

बहुतेक कंपन्या दोन जातींचे लॅपटॉप बनवतात. घरगुती ग्राहकांसाठी एक आणि कार्यालयांसाठी दुसरी. लेनोवोची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक आणि प्रोबुक, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून ‘डेल प्रो’), एसरची ट्रॅव्हलमेट, असूसची एक्स्पर्टबुक या दुसऱ्या जातीच्या मालिका आहेत. थिंकपॅड मूळची आयबीएमची. १९९२ मध्ये ती बाजारात आली आणि २००५ मध्ये लेनोवोकडे गेली. तेवढ्याच पैशांत घरगुती मालिकेत अधिक वेगवान प्रोसेसर आणि अधिक झगमगीत पडदा मिळतो, हे खरे. परंतु कार्यालयीन मालिकेत सांगाडा आणि कळफलक यांवर अधिक खर्च केलेला असतो, सुटे भाग अधिक वर्षे मिळतात आणि यंत्र कसे उघडावे याची पुस्तिका संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवलेली असते. रोजच्या प्रवाशाने, प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन का होईना, याच जातीकडे वळावे, असे आमचे मत आहे. मेमरी चिपच्या टंचाईमुळे २०२५ च्या अखेरीपासून भाव चढते राहिल्याने येथे रकमा देण्याचे टाळले आहे.

नवे परवडत नसेल तर कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली याच मालिकांतील यंत्रे बाजारात येतात. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, यासाठी जुना प्रसिद्ध. अशा खरेदीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ नंतरचा आकडा ८२५० असेल तर ती आठवी पिढी. ७२०० असेल तर सातवी, ती नको. दुसरी, बॅटरीचा अहवाल. विंडोजमध्ये तो काढण्याची सोय आहे आणि त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. तिसरी, कुलूप. आधीच्या कंपनीने घातलेला बायोस पासवर्ड किंवा दूरनियंत्रण काढलेले नसेल तर यंत्र केव्हाही अडू शकते. दुकानातच ते इंटरनेटला जोडून, पुसून, नव्याने सुरू करून दाखवायला सांगावे. आणि अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग भाव कितीही मोहात पाडणारा असो.

हमी, दुरुस्ती आणि तक्रार

‘ऑनसाइट’ हमी म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार. परंतु ही सेवा आपल्या पिनकोडला आहे का, हे आधी तपासावे. महानगराच्या नावाखाली ठाण्यापर्यंत येणारी सेवा कल्याणच्या पुढे ‘कॅरी-इन’ होऊन बसल्याचे अनुभव ग्राहक सांगतात. तसे असेल तर कार्यालयाचा पत्ता देऊन तेथे तंत्रज्ञ बोलावता येतो का, ते विचारावे. साध्या हमीत फुटलेला पडदा किंवा सांडलेला चहा बसत नाही. त्यासाठी ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि लोकलने फिरणाऱ्याने इतर सर्व जोडखर्च टाळून हा एक करावा. यातही चोरी बहुधा समाविष्ट नसते. परदेशी जाणाऱ्यांनी हमी आंतरराष्ट्रीय आहे का, हे लेखी पाहून घ्यावे.

वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. विक्रेता दिल्लीचा असला तरी ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आंबिवलीकरासाठी तो ठाणे जिल्ह्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर नोंद केल्यास बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. दुरुस्तीला यंत्र देताना पावतीवर बिघाडाचे वर्णन आणि बाह्य स्थिती लिहून घ्यावी आणि चारही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे.

हरवला, चोरीला गेला तर

गर्दीत सॅक वरच्या रॅकवर ठेवून दाराशी उभे राहणारे अनेक आहेत. लॅपटॉप गेला तर १५१२ या रेल्वे पोलिसांच्या मदतवाहिनीवर तत्काळ कळवावे. चोरी कोणत्या दोन स्थानकांदरम्यान झाली हे सांगता येत नसले तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची स्पष्ट तरतूद आहे. त्या वेळी लागणारा अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी असतो आणि यंत्र तर चोराकडे असते. म्हणून तो आजच लिहून, बिलासह, ई-मेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवावा.

यंत्रापेक्षा आतील मजकूर अनेकदा महाग असतो. डिस्कवर सांकेतिक कुलूप असेल तर चोराला तो वाचता येत नाही. विंडोजच्या नव्या यंत्रांत हे कुलूप पुष्कळदा आपोआप सुरू असते, पण त्याची दुसरी बाजू ग्राहकाला ठाऊक नसते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की तेच कुलूप मालकाकडेही ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. खात्याचा पासवर्ड विसरला तर आपल्याच फायली आपल्याला बंद. ही किल्ली कागदावर छापून घरातील कपाटात, रेशनकार्डाशेजारी ठेवावी. फायलींची दुसरी प्रत बाह्य एसएसडीवर घेत असल्यास ती एसएसडी लॅपटॉपच्या सॅकमध्ये ठेवू नये.